खंडित बघा

पुण्यात दिवे गेले की दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं : वीजपुरवठा खंडित.

बंगळुरात चामराजपेटेत कृष्णाबाई दारावरच्या फुलवालीला विचारतात, उद्या येणार ना गं? फुलवाली टोपली डोक्यावर चढवत म्हणते, खंडित, अम्मा. आणि दुसऱ्या दिवशी येते.

तुळसा नावाची एक बाई भिंतीला चुना लावते आहे. कुंचा बादलीत बुडतो. वर येतो तेव्हा तिच्या कानामागे पांढरी बट आहे.

कॅसेटला बुरशी धरली की व्हीसीआर आधी घरघरतो, मग फीत खातो.

देवघरातली मूर्ती तडकली की तिला खंडित म्हणतात. मग तिची पूजा होत नाही.

मुंबईत खंडोजी ढमाले छापखान्यात उभे राहून सांगतात, ‘संपूर्ण’ हा शब्द लाल करा. आणि मोठा.

रीळ पहिलं

राजलक्ष्मी जाधव दिवसा टेलिफोनच्या कारखान्यात खरेदी विभागात बसायची, आणि आठवड्यातून एकदा महाराष्ट्राने कुठली कॅसेट बघावी ते महाराष्ट्राला सांगायची. पुण्याच्या ‘तिकीटबारी’ साप्ताहिकात तिचा स्तंभ यायचा, ‘घरचा पडदा’. वर तिचं नाव, खाली बाजारात नव्याने आलेल्या कॅसेटींची परीक्षणं. साल १९९३. एकेकाळी गाजलेले, आपटलेले, डब्यात पडून गंजलेले सगळे मराठी सिनेमे तेव्हा कॅसेट होऊन घरात शिरत होते. त्यातल्या कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला उंबऱ्यावरूनच परत धाडायचं, हे राजलक्ष्मीला पक्कं ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटायचं, आणि तिचं लिहिलेलं वाचलं की वाचणाऱ्यालाही तसंच वाटायचं.

तिची एक पद्धत होती. कॅसेट आधी आवाज बंद करून बघायची. गाण्याबजावण्याने भुलायचं नाही, संवादांनी रडायचं नाही, नुसती चित्रं काय म्हणतात ते ऐकायचं. घरात यावरून रोज भांडण. कृष्णाबाई, म्हणजे तिची आई, मुक्या पडद्यापुढे भाजी निवडत बसायच्या आणि माणसांची तोंडं हलू लागली की स्वतःच संवाद घालायच्या. “हा आता म्हणतोय, घर विकून टाकू. बघ, बघ कसा म्हणतोय मेला.” मग दुसऱ्यांदा आवाजासकट. बऱ्याच वेळा कृष्णाबाईंचे संवाद बरे निघत.

परीक्षणाच्या शेवटी ती निकाल द्यायची. एका ओळीत. ‘बघा.’ किंवा ‘जरूर बघा.’ किंवा ‘शेजाऱ्यांनी आणली तर बघा.’ एकदा लिहिलं होतं, ‘परत करताना रिवाइंडसुद्धा करू नका, तेवढी दगदग कशाला.’ पुण्यातले लोक म्हणे आधी ती ओळ वाचायचे. काही फक्त तेवढीच वाचायचे.

कॅसेट पुरवायचा तिचा थोरला भाऊ फत्तेसिंग. बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. कन्नड, तमिळ, हिंदी सिनेमे समोरच्या फळ्यांवर, मराठी मागे, पडद्याआड. नवखं गिऱ्हाईक तो पडदा बघून वेगळंच काहीतरी समजायचं आणि आत जाऊन पौराणिक सिनेमे बघून हिरमुसलं होऊन बाहेर यायचं.

त्या आठवड्यात फत्तेसिंगने ‘चुन्याची भिंत’ आणली. ढमाले व्हिडिओची ताजी कॅसेट, वेष्टनावर लालभडक ‘संपूर्ण’. जुना काळा-पांढरा सिनेमा. तुळसाचा दीर घराची वाटणी मागतो. तुळसा म्हणते, भिंत मी घालते. गावातला एक गवंडी तिला मदतीला येतो. भिंत चढत जाते, बोलणं वाढत जातं. चुना लावायची वेळ येते तेव्हा तो म्हणतो, “आता तरी होय म्हण.” तुळसा कुंचा बादलीत बुडवते. आणि पुढच्याच क्षणी तिचे केस पिकायला लागलेत, एक पोरगं भिंतीवर चेंडू आपटतंय, गवंडी अंगणात भाकरी खातोय. अंगण भिंतीच्या कुठल्या बाजूचं, ते दिसत नाही.

राजलक्ष्मी खुर्चीतून उठून उभी राहिली. कृष्णाबाईंनाही त्या जागी संवाद सुचला नाही.

तिने एका बैठकीत लिहून काढलं : ‘दिग्दर्शकाने एका कात्रीत दहा वर्षं उडवली. लग्न झालं की नाही, हे सांगण्याची गरज त्याला वाटली नाही. एवढी छाती मी आपल्या सिनेमात दुसरीकडे पाहिलेली नाही.’ मग निकालाची ओळ आली. ‘बघा’ फिकं पडत होतं. ‘जरूर बघा’ तर सतरा सिनेमांना वाटून झालं होतं. तिच्या घरात एखाद्या गोष्टीबद्दल काडीचीही शंका उरली नाही की जो शब्द तोंडात यायचा, तो आपसूक कागदावर उतरला.

‘खंडित बघा.’

रीळ दुसरं

“राजलक्ष्मीबाई, वासुदेव देवस्थळी बोलतोय.”

संपादक स्वतः फोन करत नसत. राजलक्ष्मीने खुर्ची ओढली. खरेदी विभागातली टाइपरायटरं खडखडत होती.

“बोला की.”

“तुम्ही ते खंडित काय लिहिलंत?”

“कसं वाटलं?”

“मला छान वाटलं हो. मला वाटलं, कॅसेट तुटकी आहे, तरी बघा, असं काहीतरी म्हणताय. धाडसी परीक्षण वाटलं. पण ढमाल्यांच्या कोल्हापूरच्या विक्रेत्याने गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवलाय. सांगलीनेही. खंडित माल नको म्हणतात. ढमाल्यांनी आपली मागच्या पानाची जाहिरात काढून घेतली. ते म्हणतात, कॅसेट संपूर्ण आहे. वेष्टनावर छापलंय.”

“तुटकी कोण म्हणालं? खंडित म्हटलंय मी. नक्की. अगदी नक्की बघा.”



“अहो बाई, खंडित म्हणजे तुटलेलं.”

“दिवे जातात ते खंडित, ठाऊक आहे मला. हे वेगळं. हे खंडित म्हणजे शंकाच नको.”

“असा शब्द मराठीत नाही.”

“आमच्या घरात आहे.”

“तुमचं घर बंगळुरात आहे. तो कन्नड असेल.”

“आमचं घर शहाजीराजांच्या मागून इथे आलंय, देवस्थळीसाहेब. आणि आमची माणसं इथे आली तेव्हा तुमच्या पुण्यावर गाढवाचा नांगर फिरलेला होता. मराठी कुणाच्या घरी जास्त दिवस राहिली, ते मोजायला बसलो तर तुमची पंचाईत होईल.”

देवस्थळी हसले. सभ्य माणूस होता. पण हसून झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं. पुढच्या अंकात खुलासा छापावा लागेल, ‘परीक्षिकेच्या भाषिक चुकीमुळे’ वगैरे. आणि यापुढे तिचा मजकूर कचेरीतलं कुणीतरी नव्याने लिहून काढेल. विचार तिचे, मराठी इथली. आणि दुसऱ्याने लिहिलेल्यावर तिचं नाव घालणं बरं दिसणार नाही, तेव्हा वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’.

“म्हणजे स्तंभ राहणार, मी जाणार.”

“तात्पुरतं हो.”

“किती तात्पुरतं?”

“बघू.”

राजलक्ष्मीला ते ‘बघू’ चांगलंच कळलं. त्या शब्दाचा अर्थ पुण्यात आणि बंगळुरात एकच होता. स्तंभ गेला तर तिच्यापाशी खरेदी विभाग उरला असता आणि स्क्रूंची कोटेशनं. तिने खुलाशाबद्दल होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

“ढमाल्यांचा नंबर द्या,” ती म्हणाली.

रीळ तिसरं

जेवणाच्या सुट्टीत तिने हा सगळा प्रकार शिवलीलाला सांगितला. शिवलीला हिशेब विभागातली, बेळगावकडची, दोन्ही भाषा सारख्याच वेगाने बोलणारी. ती इतकी हसली की ताकाचा पेला हिंदकळला.

“अगं राजी, शुद्ध कन्नड शब्द आहे तो! तुम्ही लोक तीनशे वर्षं कन्नड बोलताय आणि तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?”

“मग तुम्ही कुठला वापरता?”

“आम्ही दोन्ही वापरतो. नवऱ्याने खंडित येतो म्हटलं की आम्ही आधी विचारतो, कुठल्या भाषेत?”

“माझी आजी म्हणायची.”

“माझीही म्हणायची. पण तिला ठाऊक होतं कन्नड म्हणतोय ते.”

राजलक्ष्मीने डबा बंद केला. शब्द कुठून आला हे कळल्याने तो तिच्या तोंडात परका झाला नाही. उलट आता तो तिला जास्तच हवासा वाटला. पोळीसुद्धा गव्हाची असते म्हणून कुणी शेतकऱ्याला परत करत नाही, असं काहीतरी ती म्हणाली. शिवलीलाला ते पटलं नाही, पण तिने लोणचं पुढे केलं.

संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरल्यावर राजलक्ष्मी घरी न जाता मल्लाप्पाच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. बाहेर चारपाच माणसं रांगेत. बूथची काच नीट बसत नसल्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं, आणि रांगेला त्याचीच सवय लागली होती.

“ढमाले व्हिडिओ.”

“मी राजलक्ष्मी जाधव. ‘तिकीटबारी’.”

“अरे वा! या, या बाई, तुमचीच वाट बघत होतो. माझा माल खंडित म्हणता? मी खंडोजी ढमाले! तीस वर्षं धंद्यात आहे. संपूर्ण म्हणजे संपूर्ण!”

“साहेब, माझ्या शब्दाचा अर्थ वेगळा होता. मी तुमच्या सिनेमाची स्तुती केली आहे. वरचा मजकूर वाचलात का?”

“वरचं कोण वाचतं? मेहुण्याने फोनवर शेवटची ओळ वाचून दाखवली, पुरे झालं. खंडित म्हणे! अहो, नाव, पाट्या, गाणी, सगळं आहे. ते लग्नाचं गाणं तर सिनेमाचा जीव आहे जीव! त्यात जर एक कडवं कमी निघालं तर मिशी उतरवीन.”

“लग्नाचं?”

“लग्नाचं!”

“कुणाचं लग्न?”

“तुळसाचं! आणखी कुणाचं? गवंड्याशी! तुम्ही सिनेमा पाहिलात की नाही?”

“ढमालेसाहेब,” ती म्हणाली, “लग्न कुठे आहे? सिनेमात लग्न नाही. लग्न होतच नाही!”

बाहेर रांगेतला म्हातारा हळहळून चुकचुकला.

“होत नाही कसं? अख्खं रीळ आहे! चौथं रीळ! भिंतीला चुना लावते, मग होय म्हणते, मग हळद, मग वरात, मग गाणं. मी लहानपणी थिएटरात तीनदा पाहिलंय.”

“आणि कॅसेट?”

“कॅसेट काय?”

“कॅसेट पाहिलीत का? विकायला काढल्यावर?”



“कॅसेट कशाला बघू मी? सिनेमा पाठ आहे मला.”

“आता बघा,” राजलक्ष्मी म्हणाली. “कुंचा बादलीत जातो तिथे नीट बघा.”

ती बाहेर आली तेव्हा मल्लाप्पाने पैसे घेताना मायेने विचारलं, “मोडलं का, अक्का? बिडी, सोडून द्या. दुसरं स्थळ येईल. स्वल्प उशीर होतो, एवढंच.”

रीळ पाचवं

फत्तेसिंगच्या दुकानात त्या कॅसेटच्या जेवढ्या प्रती होत्या तेवढ्या सगळ्या त्याने लावून पाहिल्या. एकीतही लग्न नव्हतं. सगळ्यांत कुंचा बादलीत बुडत होता आणि पांढरी बट घेऊन वर येत होता. ढमाल्यांकडे फिल्मवरून कॅसेट करताना चौथ्या रिळाचा डबा बाजूलाच राहून गेला होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

फत्तेसिंगच्या अंगात आनंद मावेना. त्याने समोरून कॉफी मागवली.

“राजी, अगे जिंकलीस तू! खंडित लिहिलंस, खंडित निघाली! पुण्याच्या अर्थानेच खंडित! आता कुणाच्या बापाची टाप आहे तुला चूक म्हणायची?”

“अण्णा, मी तसं लिहिलं नव्हतं.”

“कोण विचारतंय तुला?”

पुण्यानेही तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी देवस्थळींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज साखरेत बुडवून काढल्यासारखा होता. ढमाल्यांनी कॅसेट पाहिली होती, डोक्याला हात लावला होता, फोन करून माफी मागितली होती.

“काय नजर आहे हो तुमची! एक रीळ नाही हे नुसतं बघून ओळखलंत. आम्ही छापतोय, ‘आमच्या परीक्षिकेने आधीच इशारा दिला होता.’ नाव तुमचं, ठळक. नव्याने लिहिणं वगैरे सगळं रद्द. झालं गेलं विसरा.”

“आणि नक्की या अर्थाचं खंडित?”

“ते आता काढायचंच कशाला? तुटकी म्हणालात, तुटकी निघाली.”

टाइपरायटरं खडखडत होती. राजलक्ष्मीपुढे एका निविदेचे कागद पडले होते आणि त्यांवर तिने नकळत कुंचा काढला होता. नुसतं ‘सरी’, म्हणजे बरं, एवढंच म्हणायचं होतं. सरी म्हटलं की नाव राहत होतं, स्तंभ राहत होता, वर शाबासकी. तिचा तो मधला परिच्छेद, ती छाती, ती कात्री, तो कुणाच्याच ध्यानात राहिला नव्हता. वरचं कोण वाचतं?

पण तिने तो मनापासून लिहिला होता. लग्नाचं रीळ विसरलेल्या माणसाच्या गलथानपणाला तिने प्रतिभा म्हटलं होतं, आणि गंमत अशी की अजूनही तिला ती प्रतिभाच दिसत होती. इशारा दिला होता असं एकदा म्हटलं की ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती हे खोटं ठरत होतं.

“छापू नका,” ती म्हणाली.

“काय?”

“मी इशारा दिला नव्हता. मला रीळ गेल्याचं कळलं नव्हतं. मी नक्की बघा म्हटलं होतं. पुढचा मजकूर मी पाठवते. छापायचा तर माझ्या शब्दांत आणि माझ्या नावाने. नाहीतर तुमच्या प्रतिनिधीला सांगा, लिही.”

“राजलक्ष्मीबाई, तुम्ही स्वतःहून चूक कबूल करणार? चालून आलेलं सोडून?”

“चूक कुठे म्हटलं मी?”

आधी मजकूर येऊ दे, देवस्थळी म्हणाले, मग ठरवू. त्यांचं ‘ठरवू’ हे ‘बघू’चं सख्खं भावंड होतं.

रीळ सहावं

ढमाल्यांनी खरोखरची संपूर्ण कॅसेट कुरियरने पाठवली. ती राजलक्ष्मीने आवाज बंद करून पाहिली, मग आवाजासकट पाहिली. लग्न होतं. हळद होती. वरात गावाला वळसा घालून येत होती आणि वाटेत प्रत्येकाला गाण्याची एक ओळ मिळत होती. कृष्णाबाई खूश झाल्या. “आता कसं कळलं सगळं,” त्या म्हणाल्या.

राजलक्ष्मीने लिहून धाडलं ते असं :

‘मागे या स्तंभात ‘चुन्याची भिंत’ खंडित बघा असं लिहिलं होतं. माझ्या घरच्या, म्हणजे बंगळुरातल्या मराठीत खंडित म्हणजे नक्की. तो शब्द मी मागे घेत नाही. त्यानंतर असं निघालं की ती कॅसेट पुण्याच्या मराठीतही खंडित आहे. तिच्यात चौथं रीळ नाही. हे मला ओळखता आलं नाही. रिळाच्या गैरहजेरीला मी दिग्दर्शकाची हिंमत समजले.

‘आता चौथं रीळ पाहिलं. त्यात तुळसाचं लग्न होतं आणि अंगण कुणाच्या बाजूचं ते कळतं. कळल्यावर ते नुसतं अंगण उरतं. हे रीळ असलेला सिनेमा चांगला आहे. नसलेला थोर आहे. हिंमत कुणाची, मला ठाऊक नाही. कदाचित त्या डब्याची असेल. ज्यांच्याकडे पहिली कॅसेट आहे त्यांनी ती परत करू नये. खंडित बघा.’

देवस्थळींनी ते दोनदा वाचलं आणि फोन लावला.

“ही शेवटची ओळ. कुठल्या अर्थाने?”

“दोन्ही.”

“लोक गोंधळतील.”

“गोंधळू देत. निदान वरचं वाचतील.”

ते अजून ठरवतच होते, तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजला. ढमाले. पुढच्या अंकात काय येणार त्याची चौकशी करायला त्यांनी केला होता, आणि देवस्थळींनी वैतागून त्यांना तो मजकूरच वाचून दाखवला, या खेपेला वरपासून. राजलक्ष्मी बंगळुरात रिसीव्हर कानाला लावून पुण्यातला दुसरा फोन ऐकत होती. परत करू नये या शब्दांपाशी देवस्थळी थांबले. मग त्यांचा आवाज बदलला.

“हो, हो. नाही, एक अक्षर बदलत नाही. नाव? नाव आहे ना, त्यांचंच आहे. हो, जाहिरात मागच्या पानालाच.” आणि मग पहिल्या फोनवर : “राजलक्ष्मीबाई, ऐकताय? ढमाल्यांना हे जसंच्या तसं हवंय. गठ्ठे परत घ्यायला नकोत म्हणून नाचायला लागलेत ते.”

“आणि तुम्हाला?”

देवस्थळींनी दुसरा फोन खाली ठेवला.

“मला ते अंगणाचं वाक्य हवंय,” ते म्हणाले. “पुढचा मजकूर सोमवारपर्यंत पाठवा. आणि बाई, असे आणखी किती शब्द आहेत तुमच्या घरात?”

“खूप आहेत.”

“आधी सांगत जा.”

“नाही सांगणार,” राजलक्ष्मी म्हणाली, आणि निविदेचे कागद पुढे ओढले.

१९९१ साली ‘तिकीटबारी’ने ‘कॅसेट-परीक्षक पाहिजे’ अशी जाहिरात दिली होती, तेव्हा अर्ज एकच आला होता, बंगळुराहून.